ज्याची अ‍ॅलर्जी तेच टोचायचं, मग सूज वाढणार नाही का?

पत्र:

"डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही सोलापुरात अशोक चौकाकडं राहतो, खाली टॉवेलचे लूम आणि वर घर. मुलगा आठवीत आहे. सकाळी उठला की शिंका सुरू, नाक गळतं, डोळे चोळून चोळून लाल, आणि रात्री दोन-तीनला खोकला नि छातीत घरघर. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आधी जास्तच. मागं एकदा रक्ताची मोठी टेस्ट केली, त्यात शेंगदाणा, वांगं, दही असं बरंच आलं म्हणून त्याची शेंगाचटणी बंद केली, तरी काही फरक नाही. आता नवीन डॉक्टरांनी हातावर थेंब टाकून टोचून टेस्ट केली, त्यात धुळीतले किडे खूप आले आणि गाजर गवत थोडं आलं. ते म्हणतात तीन वर्षं इंजेक्शनं घ्या, इम्युनोथेरपी. सासूबाई म्हणतात असल्या इंजेक्शनांनी पोराची प्रतिकारशक्ती मरते, शेजारच्या काकूंचं तोंड फुगलं होतं अ‍ॅलर्जीच्या इंजेक्शननं. आणि मला हे कळत नाही की डॉक्टर म्हणतात आत सूज आहे, मग ज्यानं सूज येते तेच अंगात टोचलं तर सूज वाढणार नाही का? मिस्टरांना पण सुट्टीनंतर लूमवर गेलं की छाती आवळल्यासारखी होते, त्यांना हीच इंजेक्शनं चालतील का? जिभेखाली टाकायचे थेंब पण असतात म्हणे, ते घेतले तर? आणि मे महिन्यात आम्ही आजोळी जातो, तेव्हा डोस चुकला तर?"

उत्तर:

ताई, सूज वाढणार नाही का हा तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो विचारलात हे फार बरं केलंत, कारण तो मनात ठेवून लोक इंजेक्शन सुरू करतात, दोन महिन्यांनी हातावर गाठ आली की घाबरून सोडून देतात आणि मग "आम्ही ते पण करून बघितलं, काही उपयोग नाही" असं सगळ्यांना सांगत फिरतात. म्हणून त्याच प्रश्नापासून सुरू करू, बाकीचं मागोमाग येईलच.

आधी तुमच्या मुलाच्या नाकात आणि छातीत काय चालतं ते बघा. धुळीतले किडे म्हणजे डोळ्याला न दिसणारे माइट्स, ते गादीत, उशीत, जुन्या रजईत राहतात आणि आपल्या अंगाची झडलेली कातडी खाऊन जगतात. ते चावत नाहीत. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रोटीनचा, आणि यातलं एक मोठं प्रोटीन असं आहे की ते नाकाच्या आतल्या नाजूक अस्तरातले सांधेच सैल करतं. अस्तराच्या पेशी मग धोक्याचे संदेश सोडतात, आणि ज्याला अ‍ॅलर्जीची घडण असते त्याच्या शरीरात टीएच-२ नावाच्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, पुढं सरसावतात. या पेशी आयएल-४, आयएल-५ आणि आयएल-१३ अशी रसायनं सोडतात. त्यातल्या आयएल-४ मुळं आयजीई नावाची अँटीबॉडी, म्हणजे नेमकी ती गोष्ट ओळखणारं रक्तातलं प्रोटीन, बनायला लागते, आयएल-५ मुळं इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात आणि आयएल-१३ मुळं चिकट कफ वाढतो, श्वासनळी आवळते. आयजीई तशी रिकामी फिरत बसत नाही, ती अस्तरात बसलेल्या मास्ट नावाच्या पेशींवर जाऊन चिकटते आणि वाट बघत राहते. पुढच्या वेळी तेच प्रोटीन आलं की काही मिनिटांत मास्ट पेशी हिस्टामिन ओकते, की झाल्या शिंका सुरू, डोळे खाजायला लागले.

पण गोष्ट तिथं संपत नाही, आणि गोळीवर गोळी घेऊनही पोराला बरं का वाटत नाही ते इथं आहे. चार-सहा तासांनी दुसरी लाट येते, तिच्यात इओसिनोफिल आणि टी पेशी अस्तरात शिरतात आणि तिथंच मुक्काम ठोकतात. रात्री दहाला गादीवर डोकं टेकलं आणि दोन-तीनला खोकला सुरू झाला, तर त्यामागं बऱ्याचदा हीच दुसरी लाट असते. सेटिरिझिनसारखी गोळी हिस्टामिनला अडवते, या दुसऱ्या लाटेवर तिचा फारसा इलाज चालत नाही. आणि रोज रोज असंच होत राहिलं की अस्तर कायमचंच हुळहुळं होतं, मग उदबत्तीचा धूर, फोडणीचा ठसका, खालून येणारी सुताची रुई, काहीही चालतं त्याला चिडायला. डॉक्टर "आत सूज आहे" म्हणतात ती ही सूज.

आता या सुजलेल्या शरीरात परत तेच टोचायचं? हो, पण वेगळ्या वाटेनं, वेगळ्या मात्रेत आणि वेगळ्या चालीनं. नाकातून जाताना ते प्रोटीन अस्तर फोडत, आरडाओरडा करत जातं. कातडीखाली देताना ते शुद्ध करून, कितीतरी पट पातळ करून, अगदी थोडं थोडं, दर आठवड्याला जरा वाढवत देतात. ही वाट अशी आहे की तिथल्या पहारा देणाऱ्या पेशी ते उचलतात आणि टी पेशींना दाखवतात पण धोक्याची घंटा वाजवत नाहीत. असं वारंवार झालं की रेग्युलेटरी टी पेशी, म्हणजे थोडक्यात ट्रेग पेशी, तयार होतात. त्यांचं कामच लगाम घालायचं. त्या आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा ही शांत करणारी रसायनं सोडतात, त्यानं टीएच-२ पेशींचा जोर ओसरतो, इओसिनोफिल अस्तरात कमी यायला लागतात, आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी आयजीईच्या ऐवजी आयजीजी-४ नावाची दुसरी अँटीबॉडी बनवायला लागतात. ही आयजीजी-४ माइटच्या प्रोटीनला वाटेतच धरते, मास्ट पेशीपर्यंत पोचू देत नाही. शरीरात अशा लगाम घालणाऱ्या पेशी असतात हे दाखवणाऱ्या शास्त्रज्ञांना, मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना, २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे ही काही कुणा डॉक्टरची मनची कल्पना नाही.

गंमत म्हणजे उपचार आधी आला आणि त्याचं कारण खूप नंतर कळलं. १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागाचा अर्क पेशंटना टोचून बघितला आणि त्यांचा त्रास कमी झाला. नून यांना वाटत होतं परागात विष असतं आणि आपण त्यावर उतारा तयार करतोय. आयजीई तर १९६० च्या दशकाच्या शेवटी सापडली. शंभरहून जास्त वर्षं झाली, अर्क सुधारले, डोस ठरले, पण मूळ पद्धत तीच आहे.

आता नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे आणि ही इंजेक्शनं यात फरक काय, कारण दोन्ही सूजच कमी करतात की? तुमच्या घरात लूम आहेत म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. स्प्रे म्हणजे चालू लूमचं बटण बंद करणं, बटण परत दाबलं की तीच डिझाईन पुढं विणायला लागतो. इम्युनोथेरपी म्हणजे जॅकार्डची, डिझाईन ठरवणारी भोकांची कार्डंच बदलणं, लूम चालूच राहतो पण विणलं जातं ते वेगळं. स्प्रे वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट पहिलं वर्षभर तरी तो लागणारच आहे आणि तो डॉक्टरांना न विचारता सोडू नका, सूज ताब्यात ठेवायचं आजचं काम तोच करतो. पण स्प्रे सोडला की त्याचा परिणाम काही दिवसांतच जातो, आणि इम्युनोथेरपी तीन वर्षं नीट पूर्ण केली तर थांबवल्यानंतरही अनेकांना काही वर्षं फायदा टिकतो. अ‍ॅलर्जीची मूळ दिशा बदलू शकणारा उपचार सध्या हाच आहे, म्हणून मला तो इतका मोलाचा वाटतो, आणि म्हणूनच तो अर्धवट सोडलेला बघवत नाही.

सुरुवातीला मात्र थोडी गडबड होते, ती आधीच सांगून ठेवते. टोचलेल्या जागी लाली, खाज, लिंबाएवढी गाठ येऊ शकते, एखाद्या दिवसात बसते, बर्फ लावा. आणि रक्तातली आयजीई पहिल्या काही महिन्यांत कमी होण्याऐवजी वाढू शकते! नंतर ती वर्षा-दोन वर्षांत हळूहळू उतरते. म्हणून कुणाच्या सांगण्यावरून मधेच आयजीईची टेस्ट करून, आकडा वाढलेला बघून, इंजेक्शन बंद करू नका. फरक मोजायचा तो पोराकडं बघून, रात्री उठतो का, गोळी किती वेळा लागते, शाळा किती बुडते. साधारण सहा महिने ते वर्षात फरक दिसायला लागतो. पूर्ण डोसवर येऊन वर्ष झालं आणि काहीच फरक नाही, तर मात्र डॉक्टरांशी बसून परत विचार करायचा, ओढत राहायचं नाही.

आता सासूबाईंची भीती. ती उगाच नाही, त्यांनी डोळ्यानं बघितलंय. पण शेजारच्या काकूंना जे दिलं होतं ते बहुतेक हे इंजेक्शन नव्हतंच. "एका इंजेक्शनमध्ये अ‍ॅलर्जी गायब" म्हणून जे महिन्या-दोन महिन्यांनी कमरेत देतात ते अनेकदा लांब टिकणारं स्टेरॉइड असतं. त्यानं सूज झटकन उतरते, माणूस खूश होतो, आणि ते वारंवार घेतलं की तोंड गोल होतं, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मुलांची उंची खुंटू शकते, आणि संसर्गाशी लढायची ताकद खरंच कमी होते. सासूबाई म्हणतात ते त्या इंजेक्शनला शंभर टक्के लागू आहे. इम्युनोथेरपीच्या बाटलीत स्टेरॉइड नसतं, त्यात औषध म्हणून फक्त माइटचा किंवा परागाचा अर्क असतो, आणि जी शांतता शिकवली जाते ती फक्त त्या एका गोष्टीपुरती, सर्दी-तापाच्या विषाणूंशी शरीर पहिल्यासारखंच लढतं. सासूबाईंना पुढच्या खेपेला बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांकडून बाटलीवरचं नाव त्यांच्यासमोर वाचून घ्या. कुणी नाव सांगायलाच तयार नसेल तर तिथं इंजेक्शन घेऊ नका, एवढं साधं आहे.

सुरू करायच्या आधी एक अट आहे जी मी कुणालाही सोडू देणार नाही. दमा ताब्यात असलाच पाहिजे. रात्री घरघर चालू आहे, खोकून उठतोय, अशा अवस्थेत इंजेक्शन सुरू करायचं नसतं, कारण क्वचित येणारी मोठी रिअ‍ॅक्शन दमा बेताबाहेर असलेल्यांनाच जास्त धोक्याची असते. आधी स्पायरोमेट्री करून घ्या, म्हणजे ती नळीत फुंकायची तपासणी, सिव्हिलला छातीच्या विभागात किंवा कुठल्याही छातीच्या डॉक्टरांकडं. पंप सांगितला तर पंप द्या. "पंपाची सवय लागते" हे मी ओपीडीत रोज ऐकते आणि रोज सांगते की सवय लागत नाही, पंपातलं औषध अगदी थोडं असतं आणि थेट छातीत जातं, त्याला घाबरून पोराला रात्र रात्र बसवून ठेवू नका. दोन-तीन महिने छाती शांत राहिली की मग इंजेक्शन.

आणि दरवेळी इंजेक्शननंतर अर्धा तास तिथंच बसायचं, मग शाळेला उशीर होवो नाहीतर गिऱ्हाईक खाली थांबलेलं असो. अंगभर पित्त उठणं, घसा आवळणं, आवाज बसणं, धाप, उलटी, चक्कर असं काही झालं तर ते बहुतेक वेळा या अर्ध्या तासातच होतं, आणि त्यावर मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन ताबडतोब द्यावं लागतं, अ‍ॅव्हिलसारखं अ‍ॅलर्जीचं साधं औषध देऊन वाट बघत बसायचं नसतं. असं फार कमी जणांना होतं, पण होतं. म्हणून बाटली घरी आणून फ्रिजमध्ये ठेवायची आणि गल्लीतल्या कंपाउंडरकडून टोचून घ्यायची हे अजिबात करू नका, कितीही पैसे वाचत असले तरी. त्या दिवशी ताप असेल, छाती वाजत असेल तर डोस पुढं ढकला. आणि घेतल्यावर दोन तास क्रिकेट, पळापळ नको.

शेंगाचटणीचं वाचून मला खरंच वाईट वाटलं. सोलापुरात पोराला शेंगाचटणी बंद म्हणजे काय ते मला माहितीये. रक्ताच्या एकेका थेंबात शे-दोनशे गोष्टी तपासणारे ते मोठे पॅकेज ज्याला जे होत नाही ते पण दाखवतात, रक्तात आयजीई सापडणं वेगळं आणि ते खाऊन त्रास होणं वेगळं. तो आधी रोज खात होता आणि खाल्ल्यावर तासा-दोन तासांत ओठ सुजणं, पित्त उठणं, उलटी असं कधीच झालं नव्हतं, तर त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता फार कमी आहे. उलट अ‍ॅलर्जीची घडण असलेल्या मुलांचं पचणारं अन्न उगाच बरेच दिवस बंद ठेवलं तर शरीर ते सहन करायचं विसरू शकतं, कारण पोटातून रोज जाणाऱ्या अन्नापुढं शरीराला शांत राहायचं शिक्षण देणाऱ्याही याच ट्रेग पेशी असतात. आता बंद करून बरेच महिने झाले असतील तर घरी परस्पर सुरू करू नका, अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांसमोर पहिला घास द्या आणि मग बिनघोर चटणी-भाकरी चालू करा.

तुमच्या मिस्टरांची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला पोराइतकीच काळजीची वाटते. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते आणि आठवडा सरत जातो तशी कमी होते, असं असेल तर ते बिसिनोसिस असू शकतं, सुताच्या धुळीचा आजार. हा पिंजण आणि कताई खात्यात जास्त दिसतो, विणकामात कमी, पण होतो. यात आयजीई नसते, कापसाच्या धुळीत बॅक्टेरियाचं जे एंडोटॉक्सिन नावाचं विष असतं त्यानं श्वासनळीला सरळ सूज येते. म्हणजे सूज दोघांनाही, पण येण्याची वाट वेगळी, म्हणून ही इंजेक्शनं त्यांना काहीही उपयोगाची नाहीत. त्यांना लागतं ते धूळ कमी करणं, मास्क, लूमखाली झाडू मारण्याऐवजी व्हॅक्युम किंवा ओलं पुसणं, बिडी-सिगारेट असेल तर ती सोडणं, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी कामाच्या आधी आणि नंतर अशी दोनदा फुंकायची तपासणी. हे टाळू नका हो, बरीच वर्षं अंगावर काढलं की पुढं सुट्टीतही छाती मोकळी होत नाही.

पोराचं अंथरूण लूमपासून शक्य तितकं लांब करा, जिन्याचं दार बंद ठेवा. सुताची रुई ही माइट नाही, पण सुजलेल्या अस्तराला चिडवायला ती पुरते, आणि इम्युनोथेरपी तिच्यावर चालत नाही. गादी-उशीला चेन असलेली घट्ट विणीची खोळ घाला. पांघरायला आपली सोलापुरी चादर उत्तम, दर आठवड्याला ६० डिग्रीच्या आसपासच्या गरम पाण्यात धुवायची, माइट मरतात. त्या चांगल्या जाड रजया माळ्यावर जाऊ द्या. उन्हाळ्यात कूलर रात्रभर खोलीत सोडला की ओल वाढते आणि माइटना ओलच लागते, त्यामुळं खिडकी उघडी ठेवा आणि वाळ्याच्या ताट्या, टाकी वरचेवर स्वच्छ करा.

गाजर गवत थोडंच आलंय, तरी दिवाळीच्या आधीचा त्रास त्याच्याशी जुळतो कारण पावसानंतर ते मोकळ्या प्लॉटवर माजतं. त्याचा अर्क इंजेक्शनमध्ये घालायचा का हे डॉक्टर ठरवतील, जितक्या कमी आणि नेमक्या गोष्टी बाटलीत तितकं चांगलं. दहा-बारा गोष्टींचं मिश्रण कुणी देत असेल तर का म्हणून विचारा. त्या गवतानं कुणाच्या कातडीवर चट्टे येत असतील तर तो प्रकार वेगळा, तिथं टी पेशी स्वतःच थेट सूज आणतात, ही इंजेक्शनं त्याच्यासाठी नाहीत. उपटायचं तर फुलं यायच्या आधी, हातमोजे घालून, आणि पोरानं नाही.

जिभेखालचे थेंब हाही चांगला पर्याय आहे, माइटसाठी तर नक्कीच. तोंडाच्या अस्तरातल्या पेशी मुळातच शांत स्वभावाच्या असतात आणि तिथूनही तेच ट्रेग आणि आयजीजी-४ चं काम सुरू होतं. पहिला डोस दवाखान्यात, पुढचे घरी, मोठी रिअ‍ॅक्शन इंजेक्शनपेक्षा कमी, तोंडात खाज मात्र सुरुवातीला बऱ्याच जणांना होते. दमा ताब्यात हवा ही अट इथंही आहेच. खरी अडचण अशी की थेंब तीन वर्षं ठरल्या दिवशी न चुकता घ्यायचे असतात, बहुतेक वेळा रोजच, आणि आठवीतलं पोर ते स्वतःहून घेईल अशी आशा धरू नका, तुम्हालाच समोर उभं राहावं लागेल. जमणार असेल तर थेंब, नाहीतर इंजेक्शन.

आणि मे महिना. सुरुवातीचे तीन ते सहा महिने डोस दर आठवड्याला वाढवत नेतात, त्या काळात मोठा खाडा नको, म्हणून जमलं तर पावसाळा संपल्यावर छाती शांत असताना सुरू करा म्हणजे उन्हाळ्यापर्यंत महिन्याला एक डोस यावर गाडी आलेली असेल. मग आजोळी पंधरा-वीस दिवस गेला तरी बिघडत नाही, जायच्या तारखा आधी सांगितल्या की डॉक्टर डोस पुढं-मागं बसवतात. चुकून जास्त गॅप पडला तर परत आल्यावर पहिलाच पूर्ण डोस घ्यायचा नाही, किती दिवस गेले ते खरं सांगायचं, ते डोस कमी करून परत चढवतील. दहावीच्या वर्षाची पण आत्ताच चर्चा करून घ्या, महिन्याला एक अर्धा तास कुठं बसतो ते. आजोळी जाताना पंप आणि स्प्रे पिशवीत वरच ठेवा, आणि शक्य असेल तर त्याची खोळ घातलेली उशी बरोबर न्या, कारण आजीकडच्या गाद्या जुन्या असणार.